गळतीकाकांचा मास्क

गळतीकाकांना खऱ्या नावाने बायकोही हाक मारत नसे. तीस वर्षं प्लंबिंगचं काम. कुठे नळ टपकला की हे हजर. जोडावर साबणाचा फेस लावून हवा कुठून सुटते ते बघायचे, पांढरी टेप गुंडाळायचे आणि म्हणायचे, "आता थेंब पडला तर नाव बदलीन."

माणूस हाताचा पक्का, पण सिंकखाली पाना धरूनच घोरायला लागायचा. झोपेत श्वास मध्येच अडकायचा आणि काकू बरगडीत कोपर मारून तो सुरू करायच्या. वर्षानुवर्षं. दोन वर्षांपूर्वी काकांच्या मूत्रपिंडातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हापासून तर काकूंच्या डोळ्याला डोळा लागेना.

झोपेची तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, "असा श्वास अडकणाऱ्यांमध्ये काही कॅन्सर जरा जास्त दिसतात, असं काही अभ्यासांत आढळलंय. त्यानेच होतात, हे सिद्ध झालेलं नाही. झोपताना मास्कमधून हवा देणारं यंत्र लावलं की गाठ परत येणार नाही, असंही मी म्हणणार नाही. पण रक्तातला ऑक्सिजन रोज असा उतरू देणं बरं नाही."

यंत्र आलं. आठवड्यात काका वैतागले. "गुदमरतो मी यात. डोकं ठणकतं सकाळी." यंत्र कपाटावर गेलं. काकांना न विचारताच काकूंनी यंत्रवाल्या मुलीला घरी बोलावलं.

तिने मास्क हातात घेतला. नाकापुढच्या जोडावर बारीक भोकांची रांग असते. तिथे पांढरी टेप गुंडाळलेली होती, तीन पदरी, अगदी साफ.

"हे कोणी केलं?"

"गळत होतं," काका म्हणाले. "फेस लावून बघितलं ना मी."

"काका, ही भोकं मुद्दाम ठेवतात. सोडलेला श्वास बाहेर जायला. तुम्ही तोच परत आत ओढत होतात."

काकूंना राग आला होता, तरी हसू आवरेना. "जगाचे नळ बांधून झाले, आता स्वतःचं नाक बांधायला निघालात."

काकांनी नखाने टेप सोलून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ते मास्क लावून आडवे झाले. तासाभराने जाग आली. डोकं हलकं होतं. बरगडीत आज काही बसलंच नव्हतं. त्यांनी मान वळवली, तर काकू शेजारी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. कोपर मात्र काकांच्या बरगडीला टेकलेलं, तयारीत.

काकांनी कूस बदलली नाही. गिऱ्हाइकाचा फोन थरथरत होता, तो त्यांनी तसाच थरथरू दिला.