सोनपेठची वरात

चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की मला सोनपेठचं एक लग्न आठवतं. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. आमच्या पाच जणांच्या बँडला त्या हंगामात तेवढी एकच सुपारी मिळाली होती. पोचलो, तर जीपवरच्या कर्ण्यातून कॅसेट वाजत होती. नवरदेवाचा मामा म्हणाला, “तुमी वाजवू नका. नुसते म्होरं चला, फोटोत बँड दिसला पायजे.” माझा थोरला भाऊ आमचा बँडमास्तर. क्लॅरिनेट ओठांना लावून, न फुंकता, नुसती बोटं हलवत तो मारुतीच्या देवळापर्यंत चालला. परतीच्या एस्टीत म्हणाला, “उद्यापासून मी वीटभट्टीवर जायलोय. तू बी चल.” आम्ही गेलो. आता दादा नाही. त्याची नातवंडं विचारतात, आजोबा काय वाजवायचे? मला एकही चाल आठवत नाही.