दाराला चिकटवलेला कागद

पोरी, जवळ ये. डॉक्टरनं कागद लिहून दिला, तरी दम्याची गोळी चुकवते काहून तू?

आमच्या सानगडीच्या कंपाऊंडरांनी माझ्या दम्याचा कागद स्वतः भाताच्या शितांनी दाराला चिकटवला होता: गोळी रोज, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, धुळीत जायचं नाही. भेटले की माझा दम पाहायला विचारायचे, "बाई, एका श्वासात पाच भाज्या सांगा बरं."

एकदा बरं वाटलं म्हणून मी गोळी सोडली, खळ्यावर गेले. कंपाऊंडर सायकलवरून उतरले, भाज्या विचारल्या. मी दुसऱ्या भाजीलाच अडले. रागावले नाहीत, चुरणारे बैल सोडून बंडीला जुंपू लागले.

"अर्धा चुरणा पडून राहिला न जी!" आमचे हे ओरडले.

"धान उद्या बी राहते. बाईले आत्ता दवाखान्यात न्या."

कागद अजून दारावर आहे, शाई विटली. रोज गोळी घे, अन् लवकर ये पुन्हा. तुझ्या तोंडून एका श्वासात पाच भाज्या ऐकायच्या आहेत मले.