घोट्याचं निमित्त

माझ्या भाचीचा करार मी घालवला. संघाने तिला नाकारलं नव्हतं, तिच्या खेळात काही कमी नव्हतं, आणि तिच्या डाव्या घोट्याविषयी तर कुणी एक शब्दही काढला नव्हता. तरी मी तिला घोट्याचंच कारण सांगितलं. ती ते दोन वर्षं खरं मानत राहिली. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो, ताईजवळही नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती आणि दाजी लोणी काळभोरला राहतात, ऊस आणि थोडा भाजीपाला करतात. त्यांची मुलगी शाळेत हॉकी खेळायला लागली आणि सातवीत असताना एका प्रशिक्षकांनी तिला हेरलं. सरावाचं मैदान खडकीकडे होतं आणि मी विश्रांतवाडीत दोन खोल्यांत एकटा होतो. माझं लग्न चार वर्षांत मोडलं होतं. दाजी एका रविवारी तिला घेऊन आले, सोबत ज्वारीचं अर्धं पोतं. म्हणाले, "पाव्हणं, पोरगी तुमच्या हवाली हाय. तुमाला बी सोबत हुईल."

झाली सोबत. आठ वर्षं ती माझ्या घरात राहिली. दारात वाळूने भरलेले बूट, बाल्कनीत वाळत घातलेले मोजे, कोपऱ्यात स्टिक्स. पहाटे पाचला ती निघायची आणि मी तिच्यासाठी उठायचो. कुणासाठी तरी उठावं लागतं, याची सवय मला तिनेच लावली.

ती बचावात खेळायची, फुलबॅक. समोरची मुलगी चेंडू घेऊन सुसाट येत असते, मागे फक्त गोलरक्षक असते आणि मध्ये ही. तेव्हा डावा पाय पुढे रोवून, गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवून, स्टिक आडवी घालायची. सगळा भार त्या डाव्या पायावर. विसाव्या वर्षी तिला व्यावसायिक लीगमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका संघाने घेतलं. पहिल्याच मोसमात तिचं नाव झालं. मोसम संपताना डावा घोटा मुरगळला, सहा आठवड्यांत बरा झाला, आणि पुढच्याच महिन्यात संघाने तीन वर्षांच्या कराराचा मसुदा पाठवला. उत्तराला दहा दिवसांची मुदत होती.

कागद माझ्याकडे आले, कारण घरात कागद वाचणारा मीच. भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात माझी नोकरी. पुरवठादारांचे करार वाचायचे आणि त्यातल्या मेखा शोधायच्या, हेच माझं काम. आमच्याकडे एक रीत आहे. पहिला प्रस्ताव कधीच स्वीकारायचा नाही. शेरे मारून परत पाठवायचा आणि मग गप्प बसायचं. समोरच्याचा फोन आला तरी उचलायचा नाही. याला आम्ही पिकत ठेवणं म्हणतो. तिसऱ्या दिवशी तो स्वतः येतो, आणि नरम होऊन येतो. बावीस वर्षांत हे चुकलं नव्हतं.

"मामा, सही करून टाकू ना," ती म्हणाली होती. "मला तिथं खेळायचंय. बाकी काही नको."

"तू खेळायचं बघ. कागद माझ्यावर सोड."

"वाचून झालेत का पण?"

"वाचलेत म्हणूनच सांगतोय."

मसुद्यात एक कलम होतं. खेळाडूने तीन वर्षं दुसरीकडे जायचं नाही, मात्र दुखापत झाली तर संघाला त्यांच्या डॉक्टरच्या एका चिठ्ठीवर करार संपवता येईल. कलम एकतर्फी होतं आणि मी ते बरोबर पकडलं होतं. ते तसं नसतं तर मला आज इतका त्रास झाला नसता. मी बरोबर होतो आणि त्याच तोऱ्यात मी पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण त्यातला आवाज थेट आपल्या पेठेतल्या दुकानदाराचा होता. आपल्याला बचावपटू हवी आहे की भाड्याची गाडी, हे एकदा ठरवून कळवावे. गाडी हवी असल्यास पुण्यात बऱ्याच मिळतात. असं काहीतरी. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि खूश झालो. तिला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संघाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. मी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा आला, त्याच्या पुढच्या दिवशी दोनदा आला. मी टेबलावर थरथरणाऱ्या फोनकडे बघत चहा प्यायलो. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती हे मला ठाऊक होतं. उलट त्यामुळेच ते नमतील, असं मला वाटत होतं. मुदतीच्या दिवशी सकाळी फोन आला नाही. दुपारी दोन ओळींचं पत्र आलं. आम्ही दुसऱ्या खेळाडूशी करार केला आहे, आपल्या भाचीला शुभेच्छा.

मी लगेच फोन लावला. व्यवस्थापक सभ्यपणे बोलले. "कलम बदलायला आम्ही तयार होतो, तेच सांगायला फोन करत होतो," ते म्हणाले.

ती सरावाहून आली तेव्हा मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. तिने खांद्यावरची बॅगही उतरवली नाही.

"आलं का काही?"

खरं सांगायला मला एक क्षण होता. तो मी वापरला नाही. म्हणालो, "त्यांचं घोट्यावरून अडलं. त्यांच्या डॉक्टरांना खात्री वाटत नाही."

ती खाली बसली, बूट काढला आणि घोटा दाबून बघायला लागली. "दुखत तर नाही," ती म्हणाली. मग पुन्हा दाबून, "आत काही असेल का हो, मामा?"

मी म्हणालो, "बर्फ लावत जा."

त्या दिवसापासून ती रोज बर्फ लावायची आणि बर्फाचे साचे मी भरून ठेवायचो. बऱ्या असलेल्या पायासाठी मी महिनोन्‌महिने बर्फ करत होतो. वर्षभरात तिला खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी खात्यात नोकरी लागली, त्यांच्या संघात जागा मिळाली आणि ती त्यांच्या वसतिगृहात राहायला गेली. जाताना म्हणाली, "येईन दर रविवारी." सुरुवातीला येत होती. ती आली की माझी नजर तिच्या पायाकडे जायची आणि मग बोलणं सुचायचं नाही. मी कामाची कारणं सांगू लागलो. हळूहळू तिचं येणं थांबलं.

घर पुन्हा पूर्वीसारखं झालं, पण पूर्वी मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी दोन दिवस पुरून उरायची. पहाटे पाचला जाग यायची आणि उठण्याचं कारण नसायचं. सुट्टीच्या दिवशी वाण्याशी दोन वाक्यं झाली तर झाली. ताईचा फोन आला की मी लवकर ठेवायचो, कारण ती विचारायची, "पोरीचा पाय कसा आहे रे? तिकडून पुन्हा काही विचारणा?"

गेल्या वर्षी हिवाळ्यात मी तिला न कळवता तिचा सामना बघायला गेलो. सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो. तिथे तिचे जुने प्रशिक्षक भेटले. समोरच्या संघाची मुलगी चेंडू घेऊन आली आणि माझी भाची बाजूला सरून उभी राहिली. उभ्यानेच स्टिक लावली. डावा पाय मागेच. चेंडू निघून गेला, गोल झाला.

"खाली वाकतच नाही आता," सर म्हणाले. "पाय ठणठणीत आहे. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलंय."

"मग?"

"डोक्यात बसलंय. कुणीतरी सांगून ठेवलंय तिला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्याला काही बोलली होती का?"

मी मान हलवली. नाही म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोललो.

यंदा लीगच्या एका नव्या संघाने तिला चाचणीला बोलावलं. ही बातमी मला ताईकडून कळली, आणि तिच्याकडूनच कळलं की पोरगी नको म्हणतेय. घोटा टिकणार नाही, उगाच शोभा कशाला, असं तिचं म्हणणं. रविवारी घरी जाऊन आई-वडिलांना समजावून सांगणार होती आणि त्याच संध्याकाळी संघाला नकार कळवणार होती. मी तिला फोन केला आणि म्हणालो, स्वारगेटपर्यंत मी सोडतो. बऱ्याच महिन्यांनी ती माझ्या स्कूटरवर मागे बसली.

स्टँडवर लोणीची गाडी लागायची होती. सकाळचे साडेदहा, गर्दी, एक कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता.

"मामा, तुम्ही सोडायला आलात म्हणजे काहीतरी आहे," ती म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

मी सांगायला सुरुवात केली आणि सवयीप्रमाणे कलमापासून केली. कलम किती एकतर्फी होतं, कुठलाही शहाणा माणूस त्यावर सही...

"कलमाचं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत ते सांगा."

मी मोबाईलवर ते पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने सावकाश वाचलं. एका ठिकाणी तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"भाड्याची गाडी. भारी लिहिलंय." मोबाईल परत देत तिने विचारलं, "मग त्यांचा फोन नाही आला?"

"आला. चार वेळा."

"आणि?"

"उचलला नाही."

"आणि माझा घोटा?"

"त्याबद्दल कुणीच काही म्हणालं नव्हतं. ते मी घरी बनवलं. तू विचारलंस आणि मला माझी चूक सांगवेना."

लोणीची गाडी आली. लोक चढले. ती चढली नाही, माझ्याकडेही बघत नव्हती. गाडी निघून गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षं मी तो पाय वापरला नाही, मामा."

मला पुष्कळ सांगायचं होतं. तुझ्या भल्यासाठीच केलं, एकटा पडलो, रोज आठवत होतं, असं सगळं. ते माझ्या तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्याविषयी होतं.

म्हणालो, "करार माझ्यामुळे गेला. तुझ्यात काही कमी नव्हतं, तुझ्या पायात काही नव्हतं. मी स्वतःला वाचवायला तुझ्या पायावर ढकललं, आणि तुला बर्फ लावताना बघूनही गप्प राहिलो. याला कारण नाही आणि मी देणार नाही. माझं चुकलं. मला माफ कर."