मित्राचा कॉम्प्युटर

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य लिफ्ट तपासण्यात घालवलं. मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि तपासायला लिफ्ट उरली नाही म्हणून घर तपासायला घेतलं. मिक्सर उघडून झाला, इस्त्री उघडून झाली. प्रत्येक वेळी एखाददुसरा स्क्रू उरतोच. "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात," असं म्हणून हे तो खिशात टाकतात. विचारायचं मात्र कुणाला नाही. रस्ता चुकले तरी विचारणार नाहीत, तिथे माझी काय कथा!

त्या दिवशी चार वाजता माझी परीक्षा होती. एका शाळेच्या ग्रंथालयात जागा निघाली होती. मुलं आपापल्या मार्गाला लागली, आता मला माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं. परीक्षा घरूनच द्यायची, पण कॉम्प्युटरवर. मोबाइलवर ती उघडतच नव्हती. आणि नेमकं त्याच सकाळी ह्यांच्या डोक्यात आलं, "जुनी सिस्टिम ऐन वेळी दगा देईल. नवी टाकून देतो. तासाभराचं तर काम."

"परीक्षा झाल्यावर टाका हो," मी म्हटलं. भिंतीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ह्यांनी पेनड्राइव्ह लावला. भाषा निवडली, देश निवडला, पडद्यावरची पट्टी हळूहळू भरली, कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला आणि समोर पुन्हा तेच: भाषा निवडा. ह्यांनी पुन्हा निवडली. पट्टी पुन्हा भरली. पुन्हा भाषा निवडा! वाढलेली ताटं गार झाली, तरी हे आपले भाषाच निवडतायत. मग मागच्या वायरी उपसल्या, झाकण काढलं, आतली धूळ फुंकली. सगळं परत जोडलं, तरी पडद्यावर पुन्हा तेच.

"माझ्या भावाला फोन करा. त्याचं रोजचं काम आहे ते."

"त्याला काय कळतंय? आपल्या लग्नात कडेवर होता तो!"

तीन वाजले आणि माझा तोल सुटला. "आज परीक्षा बुडाली ना, तर तुमच्याशी जन्मात बोलणार नाही!"

हे उठले, गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. ह्यांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काय रे, कसं काय? पाणी येतंय ना नीट? नाही, सहजच केला. माझ्या एका मित्राचा कॉम्प्युटर आहे..."

सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "दाजी, पट्टी भरली की पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. तो आत राहिला तर मशीन दर वेळी त्याच्यावरूनच सुरू होणार. सांगा तुमच्या मित्राला. आणि ताईला म्हणावं, पेपर छान लिही."

"मी तेच सांगत होतो त्याला," हे म्हणाले.

आत येऊन माझ्याकडे न बघता ह्यांनी पेनड्राइव्ह उपटला. नवी सिस्टिम सुरू झाली तेव्हा चार वाजतच आले होते. मी पेपर उघडून बसले, तर हे खुर्चीमागे हजर! "माउस हळू. तिसरं उत्तर घे. अगं, नीट वाच."

शेवटचा प्रश्न होता: तुम्हाला ही नोकरी का हवी आहे? वाचनाची आवड, मुलांचा सहवास, असं छान उत्तर मी घोकून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी टाइप केलं, "मला दिवसाचे आठ तास घराबाहेर राहायचं आहे."

ह्यांनी मागून वाकून ते वाचलं. मग हे हळूच म्हणाले, "रोज?"

"रविवार सोडून," मी म्हटलं आणि उत्तर पाठवून दिलं.