खरवडलेला वाघदेव

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरचा, फळीवर कोरलेला लाकडी वाघदेव पावसानं कुजायला लागला, तेव्हा शहापूरच्या छोट्या संग्रहालयात तो नीट राहील असं मीच सगळ्यांना पटवलं. दर वाघबारशीला त्याला शेंदूर लावायचा आणि गुरं सांभाळ म्हणायचं, ही आमची रीत. परवा आईला घेऊन त्याला बघायला गेलो आणि डोक्यात तिडीकच गेली. शेंदराचा टिपूस नाही, नुसती कोरी फळी! संग्रहालयातल्या बाई वर कौतुकानं सांगतायत, "केवढी पुटं होती! खरवडायला आठ दिवस लागले. आता नक्षी कशी छान दिसते!"

नक्षी? अहो, माझ्या आज्यापणज्यांची बोटं होती त्या पुटांत! देव दिला होता तुम्हाला, भांडं नव्हतं दिलं घासायला! मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. शेवटी आईनं एवढंच विचारलं, "बाय, तो शेंदूर कुठं टाकलास गो?"

बाईंनी मागच्या उकिरड्याकडे बोट दाखवलं. आई तिथं गेली, चपला काढल्या आणि उकिरड्याला हात जोडले.

आत त्या फळीसमोर तिनं चपला काढल्या नव्हत्या.