ताईची मैफल

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या बहिणीचं, ताईचं, गाणं थांबलं. आता बोलणंसुद्धा कुजबुजल्यासारखं येतं. घरात कुणी तिच्या गाण्याचा विषय काढत नसे. काल दुपारी तीच म्हणाली, "तुझा तो नवा सीडी प्लेअर जोड. माझी मैफल ऐकायचीय."

मी ॲम्प्लिफायरच्या मागे वाकून लाल आणि पांढरी वायर खोचली. हे महागडं यंत्र आवाजातलं काहीच लपवत नाही, याचं मला मोठं कौतुक होतं. काल त्याचीच भीती वाटली. तिच्या जुन्या मैफलीची तबकडी आत सरकली. आधी तानपुरा, मग ताईचा श्वास, आणि मग तिचा तो भरदार आवाज थेट खोलीच्या मधोमध. गेलेला आवाज ऐकणं ही भेट असते की पुन्हा एकदा निरोप, मला कळेना.

ताईचे डोळे भरून आले. बंद करायला मी घाईने हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं.

"थांब," ती कुजबुजली. "तान अर्धी तोडू नकोस. समेवर येऊ दे."

तान समेवर आली. ताईने मान हलवून दाद दिली, दुसऱ्या एखाद्या गायिकेला द्यावी तशी, अगदी मोकळेपणाने.