पहिली सही सासूची

कुणी कशाबद्दलही कुरकुर केली की शकुंतलाबाई एकच विचारत, "कोनाले सांगतलं?" नळाला पाणी नसो की एसटी थांबली नसो. योग्य माणसाला सांगितली तर ती तक्रार, बाकी सगळ्या चुगल्या, असं त्यांचं साधं गणित. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं त्या माझ्याबरोबर पत्राद्वारे ग्रंथालयशास्त्र शिकत होत्या. विद्यापीठ दक्षिणेतलं, त्याचं केंद्र मात्र वर्ध्यात, आणि ते चालवायचे त्यांचेच जावई.

परीक्षा झाली, निकाल येईना. आमचे गृहपाठ केंद्रातून पुढे गेलेच नव्हते आणि त्यांच्या गुणांवाचून निकाल लागत नसे. मला एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा मिळत होती, ती गुणपत्रिकेपायी अडली होती. आम्ही केंद्रात चकरा मारायचो. जावई मोठे गोड. खुर्ची देत, चहा पाजत, "पुढच्या हप्त्यात येजा" म्हणत. ज्याचा चहा प्यायलो त्याच्याविरुद्ध लिहायचं कसं, म्हणून सगळे गप्प.

"चहा पेला म्हनून तोंड शिवलं काय?" बाई कडाडल्या. "अन् जो करून राह्यला त्यालेच काऊन सांगता? त्याच्या वर सांगा."

मग घरी बसवून त्यांनी मला सगळं शिकवलं. अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकाला, इंग्रजीत. नक्कल अशा विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाला. सोबत गृहपाठाच्या पावत्यांच्या झेरॉक्स, मूळ पावती कधीच नाही. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. रागाच्या भरात मी लिहिलेल्या ओळी त्यांनी खोडल्या. "शिव्या काढ. काय झालं अन् काय पाह्यजे, तेवढंच लिव." पहिली सही त्यांनी केली. पोस्टात टाकण्याआधी जावयाच्या घरी जाऊन, लेकीसमोर, त्यांनी तो अर्ज जावयाला वाचून दाखवला. मी फाटकाशीच थांबले होते.

निकाल आला, मला नोकरी लागली. केंद्र बंद झालं आणि त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, माहेरी येणं सोडलं. मी पेढे घेऊन गेले ते ऐन दिवाळीत. बाई घरात एकट्या होत्या. त्यांच्या हातावर पेढा ठेवताना मला फार वाईट वाटलं.

काही वर्षांनी त्या सेवाग्रामच्या दवाखान्यात होत्या, शेवटच्या दुखण्यात. मी भेटायला गेले तेव्हा सुनंदा आली होती, आईचे पाय चेपत बसली होती. चेपता चेपता म्हणाली, "आई, सही कराच्या आधी मले एकदा इचारलं असतं."

"इचारलं असतं त तू नाई म्हनली असती," बाई म्हणाल्या. "अन् तुहा शब्द मोडाची ताकद माह्यात नव्हती."

सुनंदानं तोंड फिरवलं. आईच्या पायावरचा हात मात्र तिनं काढला नाही.